ग्वाल्हेरचे द्विशतक आणि जागा बदललेले खेळाडू

ग्वाल्हेर म्हटले की मराठी माणसाला आधी शिंदे आठवतात. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे हे घराणे उत्तरेत गेले आणि तिथलेच झाले. दौलतरावांची छावणी जिथे पडली त्या भागाला आजही लष्कर म्हणतात. गाण्याची आवड असलेल्यांना तानसेनाची समाधी आणि ग्वाल्हेर घराणे आठवते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी महाराष्ट्रात आणली आणि तिथून ती आमच्या गोव्यापर्यंत पोचली. पण २४ फेब्रुवारी २०१० नंतर ग्वाल्हेरच्या नावाला तिसरी एक आठवण चिकटली. त्या दिवशी तिथल्या कॅप्टन रूपसिंग मैदानावर सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या.

त्या खेळीविषयी भरपूर लिहून झाले आहे. १४७ चेंडू, २५ चौकार, ३ षटकार. पहिल्या शंभर धावांना ९० चेंडू लागले, पुढच्या शंभरांना ५७. भारताच्या ३ बाद ४०१ धावा झाल्या आणि सामना १५३ धावांनी जिंकला. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले ते पहिले द्विशतक. (पुरुषांच्या म्हणायचे, कारण ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७ सालीच, तेही आपल्या मुंबईत, नाबाद २२९ धावा काढल्या होत्या. हे आपण सोयीस्करपणे विसरतो.)

मला त्या खेळीतली वेगळीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या जागेवर खेळून सचिनने हा विक्रम केला, ती जागा मुळात त्याची नव्हतीच.

सचिन घडला तो मधल्या फळीतला फलंदाज म्हणून. कसोटीत तो अखेरपर्यंत चौथ्या क्रमांकाचाच राहिला. एकदिवसीय सामन्यांतही पहिली चार-साडेचार वर्षे तो चौथ्या-पाचव्या क्रमांकावर यायचा, पंचवीस-तीस धावा झटपट काढायचा आणि षटके संपायची. एवढा मोठा खेळाडू, पण नावावर एकही शतक नाही. मग २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला नवज्योत सिद्धूची मान अवघडली. सलामीला कोणाला पाठवायचे हा प्रश्न पडला. सचिनने कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे स्वतःच ती जागा मागितली. अपयश आले तर पुन्हा मागणार नाही, असेही सांगितले. न्यूझीलंडच्या १४२ धावा होत्या. सचिनने ४९ चेंडूंत ८२ काढल्या आणि भारताने चोविसाव्या षटकातच सामना संपवला. त्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरात, कोलंबोला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याचे पहिले शतक झाले. तो त्याचा ७९ वा सामना होता. पुढे एकदिवसीय सामन्यांत त्याची एकूण ४९ शतके झाली, त्यांतली ४५ सलामीला येऊन केलेली.

आता यामागचे गणित पाहू. १९९२ च्या विश्वचषकापासून पहिल्या पंधरा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर फक्त दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतील असा नियम आला. तोवर सलामीवीराचे काम म्हणजे नवा चेंडू जुना करणे, विकेट सांभाळणे आणि फटके मारणाऱ्यांसाठी पाया घालून देणे. गोलंदाजी करणारा संघही त्याच हिशेबाने मांडणी करायचा. सर्वात वेगवान गोलंदाज, मागे स्लिपमध्ये दोन-तीन माणसे, समोरचे मैदान मोकळे. म्हणजे सापळा लावलेला असायचा तो बचाव करणाऱ्या माणसासाठी. त्या सापळ्यासमोर अचानक फटके मारणारा माणूस उभा केला की मांडणीच चुकते. नवा चेंडू टणक असतो, बॅटवर चांगला येतो. वर्तुळ ओलांडले की अडवायला माणूस नाही. कर्णधाराने स्लिप काढली तर गोलंदाज बिथरतो, ठेवली तर चौकार जातात. प्रतिस्पर्ध्याने एका प्रकारच्या माणसाची तयारी करावी आणि समोर दुसऱ्याच प्रकारचा माणूस यावा, ही ती युक्ती.

याचे श्रेय एकट्या भारताला देता येणार नाही. त्याच १९९२ च्या विश्वचषकात न्यूझीलंडचा जॉन राइट जखमी झाला म्हणून मधल्या फळीतला मार्क ग्रेटबॅच सलामीला आला आणि त्याने धुमाकूळ घातला. त्याच संघाने गोलंदाजीची सुरुवात दीपक पटेलच्या फिरकीने करून समोरच्यांना बुचकळ्यात टाकले. १९९६ साली श्रीलंकेने जयसूर्या आणि कालुवितरणा ही जोडी वर पाठवून विश्वचषकच जिंकला. त्याहून जुने उदाहरण हवे असेल तर १९३७ सालचे मेलबर्न घ्या. पावसाने खेळपट्टी बिघडलेली होती. ब्रॅडमनने फलंदाजीचा क्रमच उलटा केला. तळाच्या गोलंदाजांना सलामीला पाठवले आणि स्वतः सातव्या क्रमांकावर आला. तोपर्यंत खेळपट्टी सुधारली होती. त्याने २७० धावा काढल्या.

बास्केटबॉलमध्ये तर हा प्रकार नेहमीचाच. तिथे उंच माणूस टोपलीजवळ आणि चपळ माणूस बाहेर, अशी कामाची वाटणी असते. मे १९८० मध्ये अमेरिकेतल्या अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात लॉस एंजेलिसचा महाकाय सेंटर करीम अब्दुल-जब्बार जखमी होता. त्याच्या जागी सामना सुरू करायला उभा राहिला मॅजिक जॉन्सन, वीस वर्षांचा पोरगा, एरवी बाहेरून चेंडू खेळवणारा गार्ड. त्याने ४२ गुण केले आणि फिलाडेल्फियाला त्यांच्याच घरी हरवून मालिका जिंकून दिली. त्याला अडवायला धिप्पाड माणूस ठेवावा तर तो याच्या वेगाला पुरेना, आणि चपळ माणूस ठेवावा तर तो उंचीला पुरेना.

आपल्याकडे परत येऊ. ग्वाल्हेरनंतर दुसरे द्विशतक वीरेंद्र सेहवागने केले. डिसेंबर २०११, वेस्ट इंडिजविरुद्ध २१९. तेही कुठे, तर इंदूरच्या होळकर स्टेडियमवर! म्हणजे पहिले शिंद्यांच्या राजधानीत आणि दुसरे होळकरांच्या. तिसरे रोहित शर्माचे, नोव्हेंबर २०१३ मध्ये बंगळूरला, २०९. आता गंमत पाहा. सेहवागही मधल्या फळीतलाच. २००१ साली श्रीलंकेतल्या तिरंगी स्पर्धेत सचिन पायाच्या दुखापतीमुळे नव्हता म्हणून सेहवाग सलामीला आला आणि न्यूझीलंडविरुद्ध ६९ चेंडूंत शतक ठोकून गेला. कसोटीतले पहिले शतक त्याने सहाव्या क्रमांकावर केले होते. पुढच्या वर्षी लॉर्ड्सवर त्याला कसोटीतही सलामीला पाठवले. रोहितही कित्येक वर्षे मधल्या फळीत चाचपडत होता. २०१३ मध्ये धोनीने त्याला वर पाठवले आणि पुढच्याच वर्षी कोलकात्याला त्याने २६४ केल्या. म्हणजे पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधली पहिली तिन्ही द्विशतके अशा तिघांनी केली, ज्यांची मूळ जागा सलामीची नव्हती. हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जन्मजात सलामीवीराला सांभाळून खेळायची सवय लागलेली असते. मधल्या फळीतला माणूस फटक्यांची सवय घेऊन वर जातो, आणि आता त्याच्या हाती पूर्ण पन्नास षटके असतात.

पण म्हणून चांगला खेळाडू उचलून कुठेही ठेवला की काम झाले, असा अर्थ कोणी काढू नये. याच सचिनची दुसरी गोष्ट सांगतो. २००७ चा विश्वचषक वेस्ट इंडिजमध्ये होता. तिथल्या संथ खेळपट्ट्यांवर मधल्या षटकांत अनुभवी माणूस हवा, असा प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांचा हिशेब. म्हणून सचिनला पुन्हा चौथ्या क्रमांकावर आणले. कागदावर हिशेब चुकीचा नव्हता. प्रत्यक्षात बांगलादेशविरुद्ध तो ७ धावांवर गेला, श्रीलंकेविरुद्ध शून्यावर. बर्म्युडाविरुद्धच्या नाबाद ५७ धावांचा उपयोग काय? भारत पहिल्याच फेरीत घरी परतला.

माणूस तोच आणि युक्तीही तीच, मग एकदा जमली आणि एकदा फसली ती का? मला दोन कारणे दिसतात. पहिले असे की १९९४ चा बदल प्रतिस्पर्ध्याला अडचणीत आणणारा होता, तर २००७ चा बदल आपली अडचण झाकणारा होता. मधली फळी कच्ची आहे म्हणून वरचा खांब काढून मध्ये लावला. त्याने समोरच्या गोलंदाजाला कोणतेच नवे कोडे पडले नाही. उलट सुरुवातीला सचिन समोर नाही म्हणून त्याला बरेच वाटले असणार. दुसरे कारण असे की १९९४ ची जागा सचिनने स्वतः मागितली होती. २००७ ची त्याने मागितलेली नव्हती.

या दुसऱ्या कारणाला पुरावा म्हणून लक्ष्मणचे उदाहरण देता येईल. संघात जागा हवी म्हणून त्याला कसोटीत सलामीला खेळावे लागले. जानेवारी २००० मध्ये सिडनीला सलामीला येऊन त्याने १६७ धावाही केल्या. तरी पुढे त्याने सलामीला जायचे नाही असे ठरवले आणि त्यासाठी संघाबाहेर राहायची तयारी ठेवली. मार्च २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर फॉलोऑन मिळाल्यावर त्याला सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आणले आणि द्रविडला तिसऱ्यावरून सहाव्यावर नेले. ही अदलाबदल सुचवणारे प्रशिक्षक कोण? तेच जॉन राइट, ज्यांच्या दुखापतीमुळे ग्रेटबॅच सलामीला आला होता! लक्ष्मण २८१, द्रविड १८०, दोघांची भागी ३७६ आणि हरलेला सामना भारताने १७१ धावांनी जिंकला. लक्ष्मणने एक बदल नाकारला आणि दुसरा स्वीकारला. पहिल्यात त्याच्या खेळाची ताकद वाया जात होती, दुसऱ्यात ती कामाला येत होती.

द्रविडचे नाव आले आहे तर त्याच्याविषयीही दोन शब्द. इंदूरला जन्मलेला हा मराठी घरातला मुलगा २००३ च्या विश्वचषकात यष्टिरक्षण करत होता, कारण त्यामुळे संघात एक फलंदाज जास्त खेळवता येत होता. सचिनला जागा बदलून शतके मिळाली. द्रविडला मिळाले ते गुडघे मोडून उकिडवे बसणे. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. जागा बदलणाऱ्या प्रत्येकाचा पुतळा होत नाही.

आमच्या गोव्यात देवस्थानाच्या जत्रेला नाटक बसवताना हा प्रश्न दरवर्षी येतो. नायकाचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याला अचानक खलनायकाचे काम द्यायचे ठरते. कधी तो असा काही रंग भरतो की लोक वर्षभर त्याचीच नक्कल करतात. कधी तालमीतच रुसून घरी बसतो. दिग्दर्शकाचे खरे कसब माणूस ओळखण्यात असते.

अजित वाडेकरांकडे हे कसब होते असे म्हणावेसे वाटते. १९९४ मध्ये सचिनला होकार देणारे वाडेकर १९७१ साली वेस्ट इंडिज दौऱ्यावर कर्णधार होते. त्या दौऱ्यासाठी त्यांनी आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंचा आग्रह धरला. सरदेसाई पूर्वी सलामीलाही खेळलेले, आणि तोवर मागे पडलेले. वाडेकरांनी त्यांना मधल्या फळीत खेळवले. किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी दैना असताना सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या, आणि साऱ्या मालिकेत ६४२. भारताने वेस्ट इंडिजमध्ये पहिली मालिका जिंकली. गोव्याच्या माणसाला हे पुन्हा पुन्हा सांगायला आवडते, वाचकांनी क्षमा करावी.

धोनीकडेही ते होते. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, फॉर्मात असलेल्या युवराजच्या आधी तो स्वतः आला. एका टोकाला डावखुरा गंभीर होता, समोर मुरलीधरनची ऑफस्पिन. दुसऱ्या टोकाला उजव्या हाताचा माणूस हवा होता. गंभीर ९७, धोनी नाबाद ९१. पुढचे सर्वांना माहीत आहे. ग्वाल्हेरच्या त्या सामन्यातही धोनीने असेच केले होते. युसूफ पठाणला स्वतःच्या आधी चौथ्या क्रमांकावर पाठवले आणि नंतर येऊन ३५ चेंडूंत नाबाद ६८ काढल्या.

शेवटी ज्यांच्या नावाचे ते मैदान, त्या रूपसिंगांविषयी. ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ ग्वाल्हेर संस्थानच्या सेवेत होते. मैदानही मुळात हॉकीचेच, नंतर ते क्रिकेटकडे गेले. रूपसिंग इनसाइड लेफ्टला खेळायचे आणि त्यांनी ती जागा सोडली नाही. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळवला, त्यात ध्यानचंदांचे आठ गोल आणि रूपसिंगांचे दहा. थोरल्याला अडवायला जावे तर धाकटा मोकळा. समोरच्याला कोड्यात टाकायला दर वेळी जागा बदलावीच लागते असे नाही. शेजारच्या जागेवर कोण उभा आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

सचिनच्या द्विशतकानंतर रूपसिंग मैदानावर पुरुषांचा आंतरराष्ट्रीय सामना झाला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तब्बल चौदा वर्षांनी ग्वाल्हेरला क्रिकेट परतले, पण ते शहराबाहेर शंकरपूरच्या नव्या मैदानावर, माधवराव शिंद्यांच्या नावाने बांधलेल्या. ग्वाल्हेरला जाणारे मराठी लोक किल्ला पाहतात, जयविलास महाल पाहतात, तानसेनाच्या समाधीशी हात जोडतात. त्यांनी रूपसिंग मैदानावरही थोडा वेळ जरूर थांबावे. एकाच जागेवर आयुष्यभर खेळलेल्या माणसाच्या नावाच्या त्या मैदानावर, आपली जागा सोडून पुढे आलेल्या माणसाने इतिहास घडवला आहे.