मिरचीची छाटणी

परसबागेत किंवा कुंडीत वाढवलेल्या तिखट मिरचीच्या झाडाचा शेंडा, बुंध्याजवळची पाने, सुरुवातीची फुले किंवा जुन्या फांद्या हेतुपूर्वक काढून टाकणे. शेतातल्या तिखट मिरचीची छाटणी सहसा करीत नाहीत. तिथे रोपांची संख्या मोठी असते, मजुरी परवडत नाही आणि छाटल्यावाचून पीक अडतही नाही. घरच्या चार-सहा झाडांची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक झाड हाताखालचे असते आणि ते एका हंगामापुरते न ठेवता दोन-तीन वर्षे टिकवता येते. मिरची मुळात बहुवर्षायू आहे. एका हंगामात उपटून टाकण्याची रीत शेतीच्या सोयीतून आली.

झाडाची ठेवण : छाटणी कुठे करावी हे मिरचीच्या वाढण्याच्या पद्धतीवरून ठरते. रोप आधी एकाच खोडावर सरळ वाढते. साधारण ८ ते १२ पाने आली, की खोडाचा शेंडा फुलात संपतो आणि तिथेच दोन, क्वचित तीन फांद्यांचे बेचके फुटते. पुढे प्रत्येक फांदी एखाददुसरे पान काढते, तिच्याही टोकाला फूल येते आणि ती पुन्हा दुभंगते. बहुतेक वाणांत हा क्रम झाड थकेपर्यंत चालतो. म्हणजे फांद्या वाढल्या की फुलांच्या जागा आपोआप वाढतात, आणि फांद्या फोडण्याचे काम झाड स्वतःच करीत असते. छाटणीविषयी जे सांगितले जाते, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या एका निकषावर तपासता येतात.

शेंडा खुडणे : रोप १५ ते २० सेंमी. झाले, की वरचा कोंब नखाने खुडावा, म्हणजे झाड डेरेदार होते, असा सल्ला फार प्रचलित आहे. त्यामागचे शास्त्र खरे आहे. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरते आणि पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना रोखून धरते. केनेथ थीमान आणि फोल्के स्कूग यांनी १९३०च्या दशकात बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून त्या जागी ऑक्झिन लावले, तेव्हा शेंडा नसूनही बगलेतले डोळे दबलेलेच राहिले. शेंडा गेला की हा दाब उठतो आणि खालून फुटवे येतात.

मिरचीत मात्र हा फायदा किमतीसह येतो. खुडलेल्या रोपाच्या बगलफुटीला आधी स्वतःची पाने काढावी लागतात, मगच ती फुलावर येते; त्यामुळे पहिला तोडा काही आठवडे लांबतो. ज्वालासारखे मुळातच झुडपी वाण खुडून विशेष काही पदरात पडत नाही. सावलीत किंवा खिडकीत वाढून एकाच दांड्याने लांबलेले रोप मात्र जरूर खुडावे. तसेच वाऱ्याच्या गच्चीवर बुटके, रुंद झाड हवे असेल तर खुडणे योग्य. ते पुनर्लागणीच्या वेळी करू नये. रोप आळ्यात किंवा कुंडीत रुजून नवे पान दिसू लागल्यावर करावे, आणि खाली पाच-सहा चांगली पाने राहू द्यावीत.

पहिल्या बेचक्यातले फूल काढावे की नाही, यावर बागकाम करणाऱ्यांत मतभेद आहेत. रोप अशक्त असताना फळ धरले तर वाढ खुंटते, म्हणून अशा रोपाची पहिली फुले काढणे हिताचे. सशक्त रोपावर ती ठेवायला हरकत नाही.

बुंधा मोकळा करणे : परसबागेतली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित छाटणी हीच. पावसाच्या किंवा झारीच्या पाण्याने माती उडून खालच्या पानांवर बसते आणि तिच्याबरोबर करपा व पानांवरील ठिपक्यांचे रोगजंतू चढतात. झाड फूटभर झाले, की जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पाने आणि बेचक्याखालची बारीक बगलफूट टप्प्याटप्प्याने काढावी. एका वेळी दोन-तीन पानांपेक्षा जास्त नकोत. खाली पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर माती उडणे थांबते आणि काढावी लागणारी पानेही कमी होतात. आत हवा खेळावी म्हणून एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढता येते. वरची पाने मात्र विरळ करू नयेत, एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नाही. पानांचा आडोसा गेला, की हिरव्या फळांवर उन्हाचे पांढुरके, कागदासारखे चट्टे पडतात आणि पुढे तिथूनच कूज लागते.

रोगट भाग : फांदीचा शेंडा वाळत वाळत खाली येत असेल, तर हिरव्या, निरोगी भागात दोन-तीन बोटे आत जाऊन ती कापावी आणि कापलेले बागेबाहेर टाकावे. चुरडा-मुरडा, म्हणजेच बोकड्या, दिसल्यावर घाईने कात्री घेऊ नये. फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूला वळतात, कोळ्यांमुळे खाली वळून देठ लांबतात; या दोन्हींत किडीचा बंदोबस्त केल्यावर नवी फूट सुधारते. पांढरी माशी पसरवते तो पर्णगुच्छ विषाणू मात्र झाडभर भिनलेला असतो. असे झाड कितीही छाटले तरी नवी फूटही वळलेलीच येते. ते उपटणे हाच उपाय, कारण शेजारच्या झाडांना त्यापासूनच लागण होते. तंबाखूवरील मोझॅक विषाणूचे वेगळे आहे. तो रसातून, म्हणजे कात्रीवरून आणि हातांवरून पसरतो. तंबाखू मळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय मिरचीच्या झाडाला लावू नयेत.

जुन्या झाडाची खोल छाटणी : फळे लहान होऊ लागली, पाने विरळ झाली, पण खोड निरोगी आहे, अशा झाडासाठी ही छाटणी असते. पहिले बेचके राखून त्यावरच्या दोन ते चार मुख्य फांद्यांचे ७ ते १० सेंमी. लांबीचे खुंट ठेवतात आणि बाकी सर्व धारदार कात्रीने काढतात. काही पाने राहिली तर उत्तम. यानंतरची सर्वांत मोठी चूक पाण्याची होते. पाने नसलेले झाड फार थोडे पाणी ओढते आणि रोजच्या सवयीने पाणी घातल्यास मुळे कुजतात. कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेवावी. शेणखत किंवा गांडूळखत कोंब आल्यावर द्यावे. कोवळ्या फुटीवर फुलकिडे आणि कोळी लगेच येतात, तेव्हा या काळात पानांची खालची बाजू रोज पाहावी.

वेळ प्रदेशानुसार बदलते. देशावर आणि विदर्भात मृगाचा पाऊस सुरू होऊन उकाडा उतरला की छाटणी करावी. कोकण-गोव्यात तेव्हा पाऊस फार असतो आणि उघड्या जखमा सुकत नाहीत, म्हणून तिथे पाऊस ओसरल्यावर करणे बरे. आभाळाकडे तोंड करून येणारी बारीक, जहाल मिरची (कॅप्सिकम फ्रुटेसेन्स) ही छाटणी विशेष चांगली सोसते.

युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यापूर्वी झाड असेच छाटून कुंडीत घेतात आणि घरात ठेवतात. वसंतात ते जुन्या मुळांवर लवकर फळते. बियांपासून सुरुवात करावी लागत नाही. भूत जोलोकियासारख्या (कॅप्सिकम चायनेन्स) सावकाश पिकणाऱ्या मिरच्यांसाठी तिथे ही युक्ती फार मोलाची ठरते.

ढोबळी मिरची : हरितगृहातल्या ढोबळीची छाटणी नियमित असते. भारतात झाडाच्या बहुधा चार फांद्या, नेदरलँड्समध्ये दोन, दोरीवर चढवतात आणि बाकीची फूट वेळोवेळी खुडतात. मोजकी, मोठी, एकसारखी फळे हे तिथले उद्दिष्ट असते. तिखट मिरचीत फळांची संख्या महत्त्वाची, म्हणून ही पद्धत तिला जशीच्या तशी लावू नये.

खुडलेल्या शेंड्यांचा उपयोग : मिरचीचा तिखटपणा मुख्यतः फळातल्या पांढऱ्या, बिया धरणाऱ्या भागात असतो, पाने तिखट नसतात. फिलिपिन्समध्ये ती ‘तिनोला’ या कोंबडीच्या रश्श्यात घालतात आणि कोरियात उकडून, मसाला लावून खातात. औषध फवारलेले नसेल तर आपल्याकडेही कोवळे शेंडे शिजवून खाता येतात.