भारत-पोर्तुगाल वितुष्ट (१९४७–१९७४)

गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेली या वसाहतींवरून स्वतंत्र भारत व पोर्तुगाल यांच्यात सुमारे पाव शतक राहिलेला दुरावा. फ्रान्सने १९५४ मध्ये पुदुच्चेरी वाटाघाटींनी सोडले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने मात्र १९५१ मध्येच घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले होते. वसाहतच नाही तर ती सोडायची कशाला, हा तिचा पवित्रा. भारताने १९५३ मध्ये लिस्बनमधील वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या आणि समेटाची आशा मावळली.

अखेर भारताने लष्करी कारवाई केली आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्वा यांनी भारतीय सेनेपुढे शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा सालाझारचा हुकूम त्यांनी पाळला नाही आणि त्यामुळे शेकडो जीव वाचले. मायदेशाने त्यांना सैन्यातून काढून टाकले.

गोवा मुक्त झाला तरी लिस्बनने ते मान्य केले नाही. त्या हट्टाची किंमत मोजली ती माणसांनी. सांगलीहून गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात ठेवले. ज्या भूमीसाठी ते कैदेत होते ती स्वतंत्र झाली, तरी त्यांची सुटका व्हायला १९६९ उजाडले. दोन्ही देशांत राजनैतिक संबंधच नसल्याने कैद्यासाठी बोलणार कोण? दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिलढ्यात स्वतः उतरलेले गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी केलेली खटपट महाराष्ट्राने विसरू नये.

एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावाने पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरिश या परराष्ट्रमंत्र्यांनी तहावर सह्या केल्या. पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

तरीही एक हिशेब राहिलाच होता. गोमंतकीय कुटुंबांनी बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेत गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने मुक्तीपूर्वी लिस्बनला हलवले गेले होते. बायकांच्या अंगावरचे ते सोने भारतात परत आले १९९१ मध्ये.