वेड्याची साक्ष



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगार संघटनेच्या कचेरीत, उसन्या पुस्तकांवर अधिक झाले. तेव्हा मनाच्या तत्त्वज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच होय. परंतु एका हमालाच्या बाबतीत आमच्या हातून चूक घडली आणि तिनेच आम्हांला या विषयाकडे लोटले.

आपण देवळीकर कापसावर जगणारी माणसे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातील हमाल आमच्याकडे आला. त्याची तक्रार दुहेरी होती. मुकादम हजेरीतले अर्धे दिवस गाळतो, ही एक. आणि कारखान्यातले घड्याळ आपली पावले मोजून मालकाला कळवते, ही दुसरी. दुसरी ऐकताच आम्ही पहिलीही वहीत लिहिली नाही. "याला घरी न्या," एवढे सोबत्यांना सांगून मोकळे झालो. हंगाम सरता सरता एका बाईने हजेरीचे कार्ड आणून दाखविले. चौकशीत अकरा जणांची हजेरी गाळलेली निघाली, आणि त्यांत त्या हमालाचे नाव होते. ज्याला आम्ही वेडा म्हटले तो खरे सांगत होता, आणि आम्ही शहाणे ऐकत नव्हतो.

मग भ्रम म्हणजे काय? आपल्या तत्त्वज्ञांचा आवडता दाखला दोरी आणि साप यांचा. अंधारात पडलेला कासरा साप वाटतो. नैयायिक म्हणत, अन्यत्र पाहिलेला साप येथे भासतो. प्रभाकराचे अनुयायी मीमांसक म्हणत, समोरची दोरी व आठवणीतला साप यांतील भेद ध्यानात येत नाही, एवढेच. अद्वैती म्हणत, त्या सापाला सत् म्हणता येत नाही आणि असत्‌ही म्हणता येत नाही. परंतु दिवा आणला की साप मावळतो, याविषयी वाद नव्हता. आमच्या हमालापुढे आम्ही पुढे दिवा नेला, म्हणजे घड्याळच उघडून दाखविले. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही येणार हे कळले, म्हणून आतले यंत्र काढून ठेवले." येथे दिव्यानेच साप बळकट झाला! साधी चूक आणि वेडाचा भ्रम यांतील अंतर आम्हांला त्या दिवशी कळले.

आपल्या वैद्यांनी हे अंतर फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेच्या निदानस्थानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, असे सांगितले आहे. नुसती बुद्धी चुकली म्हणून उन्माद होत नाही. माणसाची आवडनिवड आणि चालचलणूकही ढळते. भूतबाधेचा उन्माद त्या ग्रंथात आहेच. तरीही माणूस स्वतःच्या कर्माने पीडित झालेला नसेल तर देव, पिशाच वा राक्षस त्याला पीडा देत नाहीत, असेही तेथे बजावले आहे.

पण आचार ढळला हे ठरवावयाचे कोणी? याचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू राहत. ते चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जपल्या. स्वतःशी बोलणे, हसणे, कोणाच्याही घरात शिरणे, जातीची शिवाशिव न पाळणे, असे त्यांचे वागणे. गावातले काही त्यांना वेडे म्हणत, आणि तेच गाव त्यांना मायबापही मानी. शिवाशिव न पाळणे हे ज्यांना वेड वाटले त्यांचीच समजूत आज आपल्याला तपासावी लागते.

इंग्रजी अमदानीत हा निवाडा कचेरीत गेला. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन या ग्लासगोच्या लाकूड कातणाऱ्या कारागिराने पंतप्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांना गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपला छळ करतो, अशी त्याची खात्री होती. ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरविले. उरलेली बावीस वर्षे त्याने वेड्यांच्या इस्पितळांत काढली. त्या प्रकरणातून निघालेल्या नियमांच्या धर्तीवर १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ८४ आले. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम २२ आहे. आपण काय करतो, किंवा ते अनुचित वा बेकायदा आहे, हे मनोविकारामुळे ज्याला कळत नव्हते त्याचे कृत्य गुन्हा होत नाही. १८६४ साली नागपुरातही मनोरुग्णांचे इस्पितळ निघाले.

१९१३ साली कार्ल यास्पर्स या जर्मन पंडिताने भ्रमाच्या खुणा मांडल्या: विलक्षण खात्री, अनुभवाने वा युक्तिवादाने न हलणे, आणि आशयाची अशक्यता. परंतु या बाहेरच्या खुणा होत, असे त्यानेच बजावले. मत्सराने पछाडलेल्या नवऱ्याची बायको खरोखरच परक्या पुरुषाकडे जात असली, तरी त्याचा भ्रम भ्रमच राहू शकतो. म्हणजे गोष्ट खरी निघाली तरी माणूस निरोगी ठरत नाही. आणि माणूस आजारी आहे म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. छळ होतो म्हणणाऱ्यांचीच गाऱ्हाणी ज्यांनी ऐकावयाची, त्या आम्हां संघटनेच्या माणसांना हे दुसरे वाक्य विशेष लागू आहे.

उलट बाजूही पाहा. एकट्याने मानले तर भ्रम, गावाने मानले तर रूढी! म्हातारीने करणी केली असे सारे गाव मानते, तेव्हा वैद्यकही त्या गावाला रुग्ण म्हणत नाही. पण मार खाणाऱ्या म्हातारीला त्याचा काय उपयोग? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गावाच्या समजुतीलाही पुरावा विचारता येतो, हा त्याचा अर्थ.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर ऋद्धिपूरचा धडाच कलमात घातला आहे. समाजाची नीती, कामाच्या ठिकाणची मूल्ये किंवा राजकीय मते न जुळणे, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरविता येत नाही.

हमालाची गाळलेली मजुरी आम्ही त्याच्या घरी नेऊन दिली. त्याने पैसे मोजले आणि म्हणाला, "आता घड्याळाचेही बघा." मजुरीने आजार बरा होत नसतो. त्याला इस्पितळात नेले, औषध सुरू झाले. काही महिन्यांनी घड्याळ मागे पडले, पुरते गेले नाही. तो हलक्या कामावर परत आला. आमच्या वहीत तेव्हापासून प्रत्येक तक्रारीला वेगळी ओळ असते.