कर्करोगाच्या गाठीतील मेदाचा नकाशा

महाळुंगे (ता. खेड), प्रतिनिधी - तळेगाव-चाकण रस्त्यावरील महाळुंगे इंगळे परिसरात (बालेवाडीजवळचे म्हाळुंगे ते निराळे) वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. केस हार्डनिंग केलेल्या गिअरच्या पृष्ठभागावर कार्बनचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के असते, तर गाभ्यात ०.२ टक्क्यांच्या आसपास. बाहेरचा थर झिजू नये आणि आतला भाग तडकू नये, यासाठी हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. असा गिअर वितळवून त्यातील कार्बनची सरासरी काढली, तर आकडा अचूक येईल. परंतु गिअर चांगला की वाईट, हे त्यावरून मुळीच कळणार नाही. त्यासाठी तो कापावा लागतो आणि कडेपासून आत जात थराथराने त्याचा कठीणपणा मोजावा लागतो.

कर्करोगाच्या गाठीतील लिपिडांचा, म्हणजे मेदद्रव्यांचा, अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण होती. नेहमीच्या पद्धतीत ऊती वाटून, द्रावकात घोळवून त्यातील मेद वेगळा काढला जातो आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर त्याचे मोजमाप होते. शेकडो प्रकारची लिपिडे त्यात ओळखता येतात. मात्र कोणते लिपिड गाठीच्या कडेला होते आणि कोणते गाभ्यात, ही माहिती वाटतानाच नष्ट होते.

मेदाला एवढे महत्त्व का?

मेद हा केवळ साठवणीचा पदार्थ नव्हे. प्रत्येक पेशीचे आवरण लिपिडांचेच बनलेले असते. थंडीत तूप थिजते आणि शेंगदाण्याचे तेल पातळ राहते, तो फरक संतृप्त आणि असंतृप्त मेदाम्लांचा. पेशीच्या आवरणाची लवचीकता याच प्रमाणावर अवलंबून असते. गाठीतील पेशी मेदाम्ले स्वतः तयार करतात, हे अमेरिकेतील सिडनी वाइनहाउस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच दाखवून दिले होते. पेशींची वेगाने वाढ व्हायची तर आवरणासाठी कच्चा माल सतत लागतो.

येथे स्थानाचा प्रश्न निर्माण होतो. संतृप्त मेदाम्लाचे असंतृप्तात रूपांतर करणाऱ्या विकराला ऑक्सिजन लागतो. गाठीच्या आतल्या, रक्तवाहिन्यांपासून दूरच्या भागात ऑक्सिजन कमी पडतो आणि तेथील पेशींना असंतृप्त मेद बाहेरून ओढून घ्यावा लागतो. म्हणजे एकाच गाठीत दोन प्रकारचे अर्थकारण चालते. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी अनेकदा अशा उपासमारीच्या कोपऱ्यांत दडलेल्या असतात. सरासरीत त्या दिसत नाहीत.

ताटलीतील गाठ, लेसरचे टोक

रुग्णाच्या गाठीचा असा अभ्यास शरीरात करता येत नाही. त्यासाठी ऑर्गनॉइड उपयोगी पडतात. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये आतड्याच्या एका मूळपेशीपासून आतड्यासारखी रचना वाढवून दाखवली. पुढे शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या पेशींपासूनही असे सूक्ष्म गोळे जेलीत वाढवता येऊ लागले. सपाट ताटलीत पसरलेल्या पेशींपेक्षा ते मूळ गाठीच्या बरेच जवळचे असतात.

नकाशा काढण्याचे तंत्र, मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग, त्याआधीचे आहे. त्याचे येथे उपयोगी पडणारे रूप अमेरिकेतील रिचर्ड कॅप्रिओली यांनी १९९७ मध्ये मांडले. गोळा गोठवून त्याचा केसाहूनही पातळ काप घेतात. त्यावर लेसरची ऊर्जा शोषणाऱ्या रसायनाचा थर फवारतात. नंतर लेसरचा किरण ठिपक्याठिपक्याने त्यावरून फिरतो. प्रत्येक ठिपक्यातून उडालेल्या विद्युतभारित रेणूंचे वस्तुमान यंत्र नोंदवते आणि संगणक त्यांतून प्रत्येक लिपिडाचे स्वतंत्र चित्र तयार करतो. कापाला रंग द्यावा लागत नाही आणि काय शोधायचे, हे आधी ठरवावेही लागत नाही. माझ्या मते या तंत्राचा मोठा गुण तोच. अमँडा हमन यांच्या गटाने २०१८ मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या ऑर्गनॉइडना इरिनोटेकन हे औषध देऊन ते आत कुठवर पोचते, हे याच रीतीने पाहिले.

पुण्यात आणि देशात

पाषाण येथील आयसर पुणे ही संस्था लिपिडांच्या अभ्यासासाठी ओळखली जाते. तेथील सिद्धेश कामत यांना २०२४ चा इन्फोसिस पुरस्कार जीवशास्त्र विभागात मिळाला, तो लिपिडांवरील कामासाठीच. मात्र त्यांचे प्रमुख काम चेतासंस्था आणि प्रतिकारशक्ती यांच्याशी संबंधित लिपिडांवर आहे. ते गाठीचे नकाशे नव्हेत. स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी याच संस्थेने पुण्यातील प्रशांती कॅन्सर केअर मिशनबरोबर संयुक्त केंद्र उभारले आहे. प्रत्यक्ष चित्रणाचे काम देशात करणाऱ्यांपैकी शिबदास बॅनर्जी हे तिरुपतीच्या आयसरमध्ये असून, त्यांची पीएच.डी. मुंबईच्या टीआयएफआरची. स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना २०१७ मध्ये त्यांनी पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात लिपिडे आणि लहान रेणूंच्या चित्रावरून रोगट ऊती ओळखून दाखवल्या. ऑर्गनॉइडचे नव्हे, रुग्णांच्या ऊतींचे ते काम होते. लिपिडांचा अभ्यास, ऑर्गनॉइड आणि चित्रण या तिन्ही गोष्टी एका छताखाली येणे अजून दुर्मीळच आहे.

नियमांचे वारे मात्र अनुकूल आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियमांत दुरुस्ती करून, प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय म्हणून ऑर्गनॉइडसारख्या पद्धतींना जागा दिली.

अडचणी कमी नाहीत. लेसरचा ठिपका बहुधा दहा ते वीस मायक्रॉनचा, म्हणजे साधारण एका पेशीएवढा. पेशीच्या आत डोकावणे अजून कठीण. सारख्याच वस्तुमानाची दोन भिन्न लिपिडे वेगळी ओळखता येतीलच असे नाही. गोळे ज्या जेलीत वाढवतात, ती बहुधा उंदराच्या गाठीपासून काढलेली असते आणि तिचे स्वतःचे रेणूही चित्रात उमटतात. शिवाय ऑर्गनॉइड वाढण्यास काही आठवडे लागतात. तोवर रुग्णाचे उपचार थांबू शकत नाहीत. त्यामुळे हे सध्या संशोधनाचे साधन आहे, रुग्णालयात लिहून देण्याची नेहमीची तपासणी नव्हे.

आणखी एक अडचण अगदी साधी आहे. रुग्णालयांच्या विकृतिशास्त्र विभागांत काढलेल्या गाठी मेणाच्या ठोकळ्यांत वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात. परंतु ऊती मेणात बसवण्यापूर्वी त्या अल्कोहोल आणि झायलीनमधून काढल्या जातात आणि बहुतेक मेद त्यातच धुऊन जातो. कपाटांत साचलेला हा मोठा खजिना मेदाच्या नकाशासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ज्या गाठीचा असा नकाशा हवा, तिचा तुकडा शस्त्रक्रियेनंतर लगेच गोठवावा लागतो आणि उणे ८० अंशांवर ठेवावा लागतो.