अमेरिकेतील परसदारचा बार्बेक्यू : साधने व लाकूड यांच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

खाद्यसंस्कृतीच्या इतिहासलेखनात पदार्थांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे ते शिजविण्याच्या साधनांना मिळालेले नाही. वस्तुतः चूल, भट्टी व इंधन यांच्या इतिहासातून त्या समाजातील श्रमविभागणी, तंत्रज्ञान आणि सामाजिक विषमता यांचे स्पष्ट दर्शन घडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बार्बेक्यू, म्हणजे मांस मंद आचेवर व लाकडाच्या धुरात दीर्घकाळ शिजविण्याची पद्धती, हे याचे उत्तम उदाहरण होय. आज तेथील कुटुंबासमोर कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी, धूरभट्टी, चिनी मातीची अंडाकृती भट्टी आणि लाकडी गोळ्यांवर चालणारे स्वयंनियंत्रित यंत्र असे पर्याय असतात. ही निवड वरवर केवळ रुचीची व खर्चाची वाटते. परंतु यांतील प्रत्येक साधन विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीतून निर्माण झाले आहे. पूर्वी माणसाच्या हाती असलेले ज्ञान व श्रम क्रमाक्रमाने साधनात कसे गेले आणि या प्रक्रियेत त्याचे श्रेय कोणाकडून कोणाकडे गेले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

चरातील भट्टी आणि गुलामांचे श्रम :

‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिश ‘बार्बाकोआ’ या रूपाने आला. मूळ शब्द खांबांवर उभारलेल्या लाकडी माचणाचा वाचक होता. पुढे व्हर्जिनिया व कॅरोलायना या वसाहतींत जमिनीत लांब चर खणून, त्यात कठीण लाकडाचे निखारे पसरून, त्यांवर आडव्या काठ्यांच्या आधाराने संपूर्ण जनावर भाजण्याची पद्धत रूढ झाली. मळेवाल्यांच्या मेजवान्या व राजकीय सभा यांतून तिचा प्रसार झाला.

या मेजवान्यांचे यजमान गोरे असले, तरी चर खणणे, लाकूड तोडणे, निखारे तयार करणे व रात्रभर आच सांभाळणे ही कामे प्रामुख्याने आफ्रिकन वंशाच्या गुलामांकडे होती. १९३० च्या दशकात फेडरल रायटर्स प्रोजेक्टने पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या मुलाखती नोंदविल्या. त्यांत दक्षिण कॅरोलायनातील वेस्ली जोन्स यांनी रात्रभर जागून मांसावर मसाल्याचे मिश्रण लावत राहण्याच्या कामाचे वर्णन केले आहे. या काळात साधन म्हणजे केवळ एक खड्डा होता. तापमापक, झडप, घड्याळ ही सर्व कामे आचाऱ्याचा हात व डोळाच करीत असे.

गुलामगिरीच्या समाप्तीनंतर हे कौशल्य शहरांत आले. हेन्री पेरी या कृष्णवर्णीय आचाऱ्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅन्सस सिटीत हिकरी व ओक यांच्या लाकडावर भाजलेले मांस विकण्यास प्रारंभ केला. त्या शहराच्या बार्बेक्यू परंपरेचा तो आरंभ मानला जातो.

लाकडाचा भूगोल :

लाकडाची निवड प्रथमतः स्थानिक उपलब्धतेने ठरली व नंतर तिला परंपरेचे रूप आले. कॅरोलायना, टेनेसी व केंटकी येथे हिकरी व ओक. मध्य टेक्सासात पोस्ट ओक. पश्चिम व दक्षिण टेक्सासात मेस्कीट. तर कॅलिफोर्नियातील सांता मारिया खोऱ्यात तेथील स्थानिक ओक वापरला जातो. पिकॅन हा वृक्ष हिकरीच्याच प्रजातीतील असून दोन्ही अक्रोडाच्या कुळात मोडतात. महाराष्ट्रात वेडी बाभूळ म्हणून ओळखले जाणारे झाड मेस्कीटचे निकटचे नातेवाईक आहे, ही बाब येथे नमूद करण्याजोगी आहे.

या परंपरेला रासायनिक आधारही आहे. लाकडातील लिग्निनचे विघटन होऊन ग्वायाकोल व सिरिंगोल ही संयुगे तयार होतात आणि धुराचा गंध व चव बऱ्याच अंशी त्यांवर अवलंबून असते. पाइनसारख्या राळयुक्त लाकडाचा धूर काजळीयुक्त व कडवट असल्याने ते त्याज्य मानले जाते. मेस्कीट प्रखर व उग्र जळते. म्हणून ते जलद भाजणीस योग्य, तर हिकरी व ओक दीर्घकाळच्या शिजवणीस योग्य ठरतात. ओले लाकूड धुमसते, तर अतिशय सुकलेले चटकन जळून जाते. म्हणून सुमारे २० टक्के आर्द्रतेपर्यंत वाळविलेले लाकूड पसंत केले जाते. सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात कित्येक तास ठेवल्यास मांसातील कोलॅजेनचे जिलेटिनमध्ये रूपांतर होते व चिवट भागही मृदू होतो. स्वस्त व चिवट मांस रुचकर करण्याची ही विद्या अभावग्रस्तांनी विकसित करावी, यात आश्चर्य नाही.

कारखाना, उपनगर आणि शेगडी :

विसाव्या शतकात इंधनाचे औद्योगिकीकरण झाले. कोळशाच्या वडीच्या आकाराचे पेटंट एल्सवर्थ झ्वॉयर यांनी १८९७ मध्ये घेतले होते. तथापि तिचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन हेन्री फोर्ड यांच्या उद्योगाने १९२० च्या दशकात केले. मिशिगन राज्यात मोटारींच्या लाकडी भागांच्या निर्मितीतून उरणारे तुकडे व भुसा यांपासून या वड्या तयार होत आणि फोर्डच्या मोटारविक्रेत्यांकडेच त्या विकल्या जात. हाच व्यवसाय १९५१ नंतर ‘किंग्जफर्ड’ या नावाने प्रसिद्धीस आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांची झपाट्याने वाढ झाली आणि स्वतंत्र घरामागील मोकळे परस हे मध्यमवर्गीय जीवनाचे लक्षण बनले. शिकागो येथील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या धातूच्या अर्धगोलांपासून झाकणाची शेगडी बनविली. झाकणामुळे वारा व पाऊस यांपासून संरक्षण मिळाले आणि झडपांनी हवा कमी-अधिक करून आच नियंत्रित करणे सुलभ झाले.

मात्र हे परस सर्वांसाठी खुले नव्हते. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ वसविण्यास आरंभ झालेल्या लेव्हिटाउनच्या प्रारंभीच्या करारांत गौरेतरांच्या वास्तव्यास मनाई होती. वांशिक अटींची न्यायालयीन अंमलबजावणी १९४८ च्या निर्णयाने थांबली, तरी घरांबाबतच्या वांशिक भेदभावास व्यापक कायदेशीर प्रतिबंध १९६८ मध्येच झाला. ज्यांच्या पूर्वजांनी ही विद्या जोपासली, त्यांपैकी अनेकांना परसदारच्या बार्बेक्यूचे परसच नाकारले गेले, हा या इतिहासातील मूलभूत अंतर्विरोध होय.

स्वयंनियंत्रणाकडे वाटचाल :

१९६० च्या दशकात गॅसची शेगडी प्रचारात आली. तिने सोय दिली, परंतु लाकडाचा धूर वजा केला. जपानी ‘कामाडो’ भट्टीच्या धर्तीवरील ‘बिग ग्रीन एग’ हा व्यवसाय एड फिशर यांनी १९७४ मध्ये अटलांटात सुरू केला. तिच्या जाड भिंती उष्णता दीर्घकाळ टिकवितात. टेक्सासात तेल उद्योगातील जाड पोलादी नळ्यांपासून बाजूला स्वतंत्र अग्निकक्ष असलेल्या धूरभट्ट्या बनविल्या गेल्या. त्यांत ओंडके जाळता येतात. परंतु कोणीतरी सतत लक्ष ठेवणे अनिवार्य असते. याउलट ऑरेगनमधील जो ट्रेगर यांना पेटंट मिळालेल्या यंत्रात दाबलेल्या भुशाच्या गोळ्या मळसूत्राने आपोआप अग्निपात्रात पडतात. २००६ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर इतर उत्पादकही या क्षेत्रात उतरले.

निष्कर्ष :

१. साधनाची निवड म्हणजे कौशल्य व श्रम माणसाकडे ठेवायचे की यंत्राकडे सोपवायचे, याचीच निवड होय.

२. लाकडाविषयीचे प्रादेशिक आग्रह स्थानिक वनसंपदेतून निर्माण झाले असून त्यांना रासायनिक आधार आहे. तथापि कोणतेही एक लाकूड सर्वश्रेष्ठ म्हणता येत नाही.

३. साधन सुलभ होत गेले तसतसा त्यामागील मूळ कारागीर विस्मृतीत गेला. ॲड्रियन मिलर यांचा ‘ब्लॅक स्मोक’ (२०२१) हा ग्रंथ, तसेच ओंडके जाळून मिळालेल्या निखाऱ्यांवर संपूर्ण डुक्कर भाजणारे रॉडनी स्कॉट यांना २०१८ मध्ये मिळालेला जेम्स बिअर्ड पुरस्कार, यांतून या उपेक्षेची काही अंशी भरपाई होत असल्याचे दिसते.

४. साधनांचा इतिहास केवळ संशोधक व पेटंट यांच्यापुरता मर्यादित ठेवल्यास, ज्यांच्या नावे एकही पेटंट नाही अशा श्रमिकांचे ज्ञान इतिहासाबाहेर राहते. म्हणून अशा अभ्यासात मौखिक साधनांना पेटंटच्या कागदपत्रांइतकेच महत्त्व देणे आवश्यक आहे.