नगारखाना उरला, वाडा गेला

परवा एका कामासाठी महालात गेलो होतो. येताना भोसल्यांच्या नगारखान्यापाशी सवयीने थांबलो. लहानपणी मला वाटायचं की राजाचा वाडा म्हणजे एवढंच, एक मोठं दार! वाडा कुठे आहे असं बाबांना विचारलं, तर म्हणाले, "जळला. दगडाचं होतं ते राहिलं."

हे अगदी खरं आहे. नागपूरकर भोसल्यांचा हा राजवाडा काळ्या दगडाचा होता, पण त्याचं वैभव होतं ते कोरीव लाकडाचं. तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. औरस मुलगा नव्हता. डलहौसीने १८५४ साली राज्य खालसा केलं आणि राजघराण्याचं जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. राजवाडा जळला तो १८६४ साली. उरला तो हा दरवाजा.

आता पुण्याकडे बघा. शनिवारवाड्याचा पाया १७३० सालचा. पेशवाई गेली १८१८ मध्ये आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती म्हणतात. तिथेही तट, दरवाजे आणि जोती राहिली, वरचं लाकूडकाम गेलं.

सत्ता गेल्यावर दोन्हीकडे बरोबर दहा वर्षं! योगायोगच असेल. आग कशाने लागली या वादात मी शिरत नाही. पण लाकडाच्या घरात वाढलेल्या माणसाच्या मनात हा दहाचा आकडा अडकून बसतो. दगड कोणी बघितलं नाही तरी उभा राहतो. लाकडाला रोज कोणीतरी बघावं लागतं. कुठे कवेलू सरकलं, कुठे ओल आली, कुठे वाळवीची मातीची रेघ भिंतीवरून वर चढली, हे पाहणारा माणूस घरात हवा.

आमचं घर काही वाडा नव्हतं. पुढे ओसरी, मध्ये चौक, वर माडी आणि कवेलूंचं छप्पर. मोठी तुळई, खांब आणि दाराची चौकट सागाची, बाकी वासे वगैरे साध्या लाकडाचे. चंद्रपूर-आलापल्लीच्या सागाचं आपल्याकडच्यांना कौतुक नाही, कारण तो हाताशी आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून, तेव्हा कुठे २०२३ साली पेपरात फोटो आले. सागाच्या गाभ्यातच असं काही द्रव्य असतं की वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण हे गाभ्याचं झालं. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला ते संरक्षण नाही, आणि ओल तर कोणालाच सोडत नाही.

मृग लागायच्या आधी बाबांचा एक कार्यक्रम ठरलेला असे. इतवारीतून घाणीचं जवसाचं तेल यायचं. (पुण्या-मुंबईकडे त्याला अळशी म्हणतात.) आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, मग तेलात थोडं टर्पेंटाईन घालून पहिला हात, म्हणजे ते आत मुरतं. दुसरा हात नुसत्या तेलाचा. तासाभराने उरलेलं तेल पुसून काढायचं. "लाकूड पिईल तेवढंच त्याचं, बाकीचं आपलं," असं ते म्हणायचे. पुसलं नाही तर पावसाळाभर चिकट राहतं आणि धूळ धरतं.

जवसच का, शेंगदाण्याचं का नाही? तर जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्याचा पातळ पापुद्रा बनतो. शेंगदाण्याचं तेल तसंच ओशट राहतं. गंमत म्हणजे, घट्ट होताना हे तेल उष्णता सोडतं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून दिला तर तो आपोआप पेटू शकतो. म्हणून बाबा चिंध्या पाण्यात बुडवायचे, मग अंगणात एकेक पसरून वाळवायचे. लाकूड राखायला जे तेल, तेच निष्काळजीपणाने घर जाळू शकतं!

नोकरी लागल्यावर मला हा सगळा व्याप जुनाट वाटू लागला. १९९९ साली मी सगळ्या खांबांना आणि तुळयांना चॉकलेटी ऑइलपेंट मारून घेतला. "आता दहा वर्षं बघायला नको," असं बाबांना वर ऐकवलंही. ते काही बोलले नाहीत. पुढच्या मृगाला तेलाचा डबा आला नाही, एवढंच.

घर दहा वर्षं झकास दिसलं. २०११ च्या पावसाळ्यात माडीवरचं एक दार अडकलं. तसं आषाढात लाकूड फुगतं, मे महिन्यात आटतं, त्यात नवल नाही. पण या खेपेस चौकटच खाली बसली होती. खालचा वासा पेचकसाने टोचून पाहिला, तर पेचकस मुठीपर्यंत आत गेला! कधीतरी कवेलू फुटलं होतं, भिंतीत घुसलेल्या टोकातून पाणी शिरलं होतं, आणि रंगामुळे ते बाहेर निघालंच नव्हतं. वर चॉकलेटी चकाकी, आत भुसा. तेलाचं लाकूड काळं पडून, रखरखीत होऊन तक्रार तरी करतं. रंगाने त्याचं तोंडच बंद केलं होतं.

बाबा तेव्हा नव्हते. मागची माडी उतरवावी लागली. पुढची ओसरी वाचली, कारण तिथे गाभ्याचा साग होता. तिच्यावरचा रंग मी स्वतः दोन उन्हाळे खरवडत होतो.

खरं सांगायचं तर चूक रंगाची नव्हती. कोरड्या लाकडाला, टोकं आणि फटी नीट बंद करून रंग दिला तर तोही टिकतो. माझी चूक ही की रंग दिला आणि बघणं सोडलं. बाबांचं अर्धं काम तेल करत असेल. उरलेलं अर्धं त्या निमित्ताने घराच्या प्रत्येक लाकडावरून वर्षातून एकदा फिरणारा हात करत होता.

भावांचं म्हणणं आहे की आता ओसरीही पाडून फ्लॅट बांधावेत. त्यांचं चुकतं असंही नाही, हिस्से आहेत, वयं झाली आहेत. निर्णय दिवाळीत होईल. मृग मात्र त्याआधी येतो. तेल आणून ठेवलंय.