निगेटिव्ह कुणाची?

बाबांच्या स्टुडिओत एक लोखंडी कपाट होतं. त्यात बटर पेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह ठेवलेल्या असायच्या आणि प्रत्येक पाकिटावर पावतीचा नंबर. लग्नानंतर दहा वर्षांनी कुणीतरी यायचं, ‘दादा, त्या फोटोची अजून एक कॉपी हवी होती.’ बाबा नंबर विचारायचे, पाकीट शोधायचे, कॉपी काढून द्यायचे. निगेटिव्ह मात्र द्यायचे नाहीत. निगेटिव्ह गेली की गिऱ्हाईक गेलं, असं त्यांचं म्हणणं.

स्टुडिओ बंद झाल्यावर मी त्यातल्या काही निगेटिव्ह स्कॅन केल्या. ज्या घरांचे फोटो होते त्यांना विचारून एका एजन्सीकडून वेबसाइट करून घेतली: आमची पेठ, तिथली माणसं, तिथली लग्नं. पैसे दोन हप्त्यांत दिले, जीएसटीसकट. करार म्हणाल तर एक पानाचं कोटेशन. तीन वर्षांनी होस्टिंग परवडेना, म्हणून साइट दुसरीकडे हलवायची ठरवली आणि फाइली मागितल्या. उत्तर आलं, ‘कोड आमचा आहे, तुम्हाला फक्त वापरायला दिलाय.’

मी तणतणत बाबांना सांगितलं. ते हसून म्हणाले, ‘म्हणजे निगेटिव्ह त्यांच्या कपाटात आहे.’

मला हसू आलं नाही. पैसे मी दिले, तर वस्तू माझी नाही का? रात्रभर वाचत बसले, तेव्हा कळलं की हे भांडण माझ्या वेबसाइटपेक्षा सव्वाशे वर्षांनी तरी जुनं आहे, आणि ते फोटोच्या दुकानातच गाजलं होतं.

इंग्लंडमध्ये 1862 च्या कायद्यानं फोटोला पहिल्यांदा कॉपीराइट दिला. त्यात एक अट होती. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर उलट काही ठरलेलं नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा. मग 1888 मध्ये मिसेस पोलार्ड नावाच्या बाईंचा खटला आला. त्यांनी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला होता. फोटोग्राफरनं त्याच निगेटिव्हवरून नाताळचं शुभेच्छापत्र बनवलं आणि दुकानात मांडलं. आपला चेहरा दुकानाच्या काचेमागे विकायला ठेवलेला पाहून त्या बाईंना काय वाटलं असेल! कोर्टानं फोटोग्राफरला मनाई केली. गंमत म्हणजे निकाल कॉपीराइटवर टेकला नाही, तर विश्वासावर आणि न बोलता झालेल्या करारावर टेकला. निगेटिव्ह तुझ्याकडे असली, तरी तिचं हवं ते करायची मुभा गिऱ्हाइकानं तुला दिलेली नाही.

फोटोचा तो नियम 1911 च्या ब्रिटिश कायद्यात आला, तिथून 1914 मध्ये भारतात आणि मग आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 मध्ये. म्हणजे बाबांनी काढलेल्या लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, बाबांचा नव्हताच. तो फोटोसाठी पैसे मोजणाऱ्याचा. प्रथेप्रमाणे फिल्मची पट्टी कपाटात राहिली, हक्क मात्र गिऱ्हाइकाच्या घरी गेला आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. हे बाबांना सांगितलं तर ते दहा मिनिटं गप्प बसले.

मग वेबसाइटलाही हाच नियम का नाही? कारण कलम 17 मधली ही सवलत मोजक्या गोष्टींना आहे: पैसे देऊन करून घेतलेला फोटो, चित्र, पोर्ट्रेट, एन्ग्रेव्हिंग, चित्रपट. कोड त्यात नाही. 1984 च्या दुरुस्तीनं कॉम्प्युटर प्रोग्राम कायद्यात आणला आणि बसवला कुठे, तर साहित्यकृतीच्या पंगतीत. कायद्याच्या नजरेत तुमच्या साइटचा लॉगिन फॉर्म आणि एखादी कादंबरी एकाच फळीवर. कादंबरी लिहिणाऱ्याची, तसा कोडही लिहिणाऱ्याचा. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिला, तर तो मालकाचा. एजन्सी काही आपली नोकर नाही.

नोकर कोण आणि बाहेरचा कारागीर कोण, यावर अमेरिकेत एक खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1985 मध्ये वॉशिंग्टनमधल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं बाल्टिमोरच्या जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून पुतळा करून घेतला. फुटपाथवरच्या वाफेच्या जाळीवर ऊब घेत बसलेलं बेघर कुटुंब, ही कल्पना संस्थेची. खर्चाची मर्यादा 15,000 डॉलर, मजुरी रीडनं घेतली नाही. लेखी करार नाही. कॉपीराइट हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. नाताळात पुतळा गाजला, संस्थेला तो गावोगाव फिरवायचा होता. रीड म्हणाला, हे मटेरियल प्रवासात टिकणार नाही. दुरुस्तीला आलेला पुतळा त्यानं परत दिला नाही आणि दोघांनीही कॉपीराइटसाठी अर्ज ठोकले. 1989 मध्ये न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी एकमताचा निकाल लिहिला: स्वतःची हत्यारं, स्वतःचा स्टुडिओ, मदतनीस स्वतःच नेमलेले, म्हणजे रीड नोकर नव्हे. संस्थेची कल्पना आणि देखरेख यानं तो नोकर ठरत नाही. लॅपटॉप आणि ऑफिस स्वतःचं असणाऱ्या कुठल्याही वेब एजन्सीचं हे वर्णन वाटतं की नाही?

कोड एजन्सीचा असला तरी पैसे देणाऱ्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. अमेरिकेतच 1990 मध्ये, माणसांना खाणाऱ्या गोड पदार्थावरच्या ‘द स्टफ’ या सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सवरून दुसरा खटला झाला. दिग्दर्शक लॅरी कोहेननं एका स्फोटाच्या दृश्याचे निम्मेच पैसे दिले होते. कोर्ट म्हणालं, तुम्ही वापरासाठी म्हणून फुटेज बनवून हाती दिलंत, तेव्हा वापरायची परवानगी त्यातच आली. राहिलेले पैसे मागा, सिनेमा अडवू नका. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण वाचून मला जरा धीर आला.

आणि आपल्याकडे? कलम 19 वाचा, मोबाइलवरही दोन मिनिटांत होतं. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर उघडणाऱ्या वेबसाइटचा हक्क फक्त भारतापुरता! ‘सर्व हक्क ग्राहकाचे’ एवढंच लिहून निश्चिंत झालेले माझ्या ओळखीत तिघं आहेत.

एजन्सीचं सगळंच चूक नव्हतं. फोटो गॅलरीचा तोच कोड ते दहा गिऱ्हाइकांना लावतात. तो मला कायमचा विकला तर उरलेल्या नऊ जणांना काय देणार? हे मला पटलं. पण माझ्या साइटचा लॉगिन पत्ता ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’नं संपतो. म्हणजे खाली वर्डप्रेस, 2003 पासून जीपीएल परवान्यावर सगळ्यांना खुला. तोसुद्धा ‘आमचा’ म्हणणं मला झेपलं नाही. शिवाय डोमेन त्यांच्या नावावर नोंदलेलं होतं. त्यात कॉपीराइटचा संबंध नाही, ज्याच्या नावावर नोंद त्याच्या हाती किल्ली. मी कधी पाहिलंच नव्हतं.

दीड महिना ईमेल चालले. शेवटी थोडे पैसे देऊन डोमेन माझ्या नावावर आलं, फाइली आणि डेटाबेस मिळाले. त्यांनी लिहिलेल्या कोडची मालकी त्यांचीच राहिली. मला तो वापरायची, बदलायची, कुठेही हलवायची लेखी परवानगी मिळाली, ‘कायमस्वरूपी, जगभर’ या दोन शब्दांसकट. ते दोन शब्द मी घालायला लावले.

त्याच आठवड्यात पेठेतल्या एक काकू घरी आल्या, 1983 च्या लग्नाची पावती घेऊन. बाबांनी कपाट उघडलं, पाकीट काढलं आणि पहिल्यांदाच विचारलं, ‘कॉपी हवी, का निगेटिव्ह?’ काकू गोंधळल्या. निगेटिव्ह घेऊन त्या करणार काय? त्यांनी कॉपीच मागितली.